भंगार गुरुजींची भरती

भंगार गुरुजी रस्त्याने सरळ चालले आहेत, असं मी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. दहा पावलं झाली की वाकायचे. शाम्पूची पुडी, संपलेली रिफिल, लग्नपत्रिकेचा तुकडा, चपलेचा तुटका बंद, जे दिसेल ते उचलायचं, झटकायचं आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकायचं. हदगावहून निघालेली एसटी आम्हा दोघांना फाट्यावर सोडायची. तिथून शाळा पाऊण किलोमीटर. एकटी असले की मी दहा मिनिटांत पोचायचे. गुरुजी सोबत असले की परिपाठाला उशीर ठरलेलाच. एकदा मी वैतागून म्हणाले, "सर, लोक बघतात हो." तर म्हणतात कसे, "बघू द्या की मॅडम. बघून बघून एखादा तरी वाकंल."

नाव गावानेच ठेवलेलं, आणि चांगल्या मनाने नव्हे. पारावरच्या रिकामटेकड्यांनी चिडवायला म्हणून सुरू केलं, पोरांनी उचललं, आणि गुरुजींनी ते असं काही अंगावर घेतलं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. फोन आला की स्वतःच सांगायचे, "हाव, भंगार गुरुजीच बोलून राहिलो." खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. आमची शाळा दोनच शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे, आणि मुख्याध्यापकाचं ओझंही त्यांच्याच डोक्यावर.

ओला कचरा, सुका कचरा हा धडा आमच्या पोरांना तोंडपाठ होता. पोपटासारखा म्हणायची आणि म्हणून झाला की चॉकलेटचा कागद खिडकीतून बाहेर भिरकावायची. असाच कागद भिरकावणाऱ्या एकाला गुरुजींनी उभं केलं. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं, "फेकला म्हंजे कुठं गेला?" पोरगा म्हणाला बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? नालीत. नाली कुठं जाते? ओढ्याला. ओढ्यावर पाणी कोण पितं? असं करत करत गाडी त्या पोराच्याच म्हशीच्या पोटापर्यंत आली, तेव्हा बिचारा रडकुंडीला आला आणि कागद आणायला खिडकीखाली पळाला. त्या दिवसापासून "फेकलं म्हंजे कुठं गेलं?" हा प्रश्न पोरांनी घरोघर नेला. एका आजोबांनी तर येऊन तक्रार केली की नातवापायी तंबाखूची पुडी टाकायचीही चोरी झाली.

पण खरी मौज शनिवारी. आमच्या गावांत पोरगं मिसरूड फुटण्याच्या वयाला आलं की पहाटे रस्त्यावर धावायला लागतं, पोलीस भरतीसाठी. गुरुजींनी तेच उचललं. शनिवारी सकाळी पोरांनी घरातली एक टाकाऊ वस्तू आणायची, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि या वस्तूला आता कुठली नोकरी देता येईल ते सांगायचं. वर्गाला पटलं की गुरुजी टेबलावर हात आपटून म्हणायचे, "भरती!" मग टाळ्या. झिजलेल्या चपलेचा तळ फळा पुसायला भरती झाला. दुधाच्या पिशव्या रोपांसाठी भरती झाल्या. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या पहिलीचे अंक आले. मी आधी नाक मुरडायचे. पुढे मीच घरून फुटके डबे आणायला लागले आणि आमच्या ह्यांनी मला भंगारवाल्या मॅडम म्हणायला सुरुवात केली.

साक्षी चौथीत होती, धाकटा भाऊ अजून घरीच. बाप रामदास, लोकांच्या शेतात रोजाने फवारणी करणारा. घरात टाकाऊ म्हणावं असं काही उरतच नव्हतं, त्यामुळे शनिवारी पोरगी मागे लपून बसायची. भादव्यातल्या एका शनिवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली. हातात पाच लिटरचा पांढराशुभ्र डबा, हिरवं झाकण. राखेने घासलेला, साबणाने धुतलेला, वरचा कागद नखाने खरवडून काढलेला. "हापसा लांब हाय. वर्गात प्यायचं पाणी ठिवायला," म्हणाली. गुरुजींनी इतक्या जोरात टेबल बडवलं की खडू खाली पडले. टाळ्या मीही वाजवल्या.

तो फवारणीच्या औषधाचा डबा होता. कापसाच्या गावात असा डबा कुणी टाकत नाही. त्यात रॉकेल भरतात, बी ठेवतात, शेतावर ताकसुद्धा नेतात. मजबूत असतो, झाकण घट्ट बसतं. गुरुजींना हे माहीत नव्हतं का? होतं. मलाही होतं, दोघंही शेतकऱ्याच्याच घरातले. पण डबा इतका लखलखीत आणि पोरगी इतकी खूश, की तोंडाला नाक लावून बघायचं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पहिलं पाणी साक्षीने प्यायचं, तिचा मान. मग तिच्या दोन मैत्रिणींनी. तासाभरात तिघींना मळमळायला लागलं, आणि साक्षीच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा गुरुजींनी डब्याचं झाकण हुंगलं. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो. तिला खांद्यावर टाकून, दोघींना माझ्या हाती देऊन ते रस्त्यावर पळाले. पहिली जी ऑटो आली ती थांबवली. डॉक्टरांना दाखवायला डबाही घेतला. दोघी संध्याकाळपर्यंत हदगावच्या दवाखान्यातून घरी आल्या. साक्षीला नांदेडला न्यावं लागलं. तीन दिवस ती तिथे होती आणि तीन दिवस गुरुजी दवाखान्याच्या पायऱ्यांवर. वाचली. देव पावला, दुसरं काय म्हणू?

गावाने मात्र रामदासला धारेवर धरलं. विषाचा डबा पोरीच्या हाती देतो, हा बाप आहे का कसाई. तिच्या आईला हापशावर कुणी बोलेना. वरून चौकशी लागली आणि भेटायला आलेले एक साहेब सहज सुचवून गेले की डबा घरूनच आला होता, तेवढं लिहा, मिटेल. गुरुजींच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून मीच कागद लिहिला: विद्यार्थिनीने घरून आणलेल्या दूषित डब्यातील पाणी प्यायल्याने. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो कागद मेला खोटाच होता. "सर, सही करून टाका," मी म्हणाले.

गुरुजींनी वाचला, उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर स्वतःचा जबाब खरडायला लागले. "डबा मी स्वीकारला. आत आधी काय होते ते विचारले नाही. दोष माझा." मी चिडले. पस्तीस वर्षांच्या नोकरीला आता कशाला बट्टा लावून घेता, असं बरंच बोलले. लिहिता लिहिताच ते म्हणाले,

"मॅडम, पोरीनं माझा धडा बरोबर पाठ केला. धडाच चुकीचा व्हता."

मग तोच जबाब त्यांनी नव्या कागदावर उतरवला. चौकशीच्या साहेबांनी तो शाळेच्या पटांगणात सगळ्या गावासमोर वाचून दाखवला. गुरुजींच्या सेवापुस्तकात वाईट नोंद झाली, पहिली आणि शेवटची. साक्षी शाळेत यायला लाजत होती, तर गुरुजी स्वतः घरी जाऊन तिला घेऊन आले आणि वर्गात सांगितलं की चूक माझी होती, हिची नव्हती. नोकरी द्यायच्या आधी वस्तूला तिचं मागचं काम विचारायचं, हा नियम त्या दिवशी आला. मग रामदासला सोबत घेऊन ते घरोघर फिरले, असले डबे गोळा केले, दाभणाने भोकं पाडून पोत्यांत भरले आणि हदगावच्या फवारणी-औषधांच्या दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवले. दुकानदार घेईना. गुरुजी त्याच्या पायरीवर बसले ते संध्याकाळपर्यंत. शेवटी गिऱ्हाईक हसायला लागलं तेव्हा घेतले त्याने.

निरोपाचा मोठा कार्यक्रम काही झाला नाही. वाईट नोंद असलेल्या माणसाला हार घालायला कुणी साहेब कशाला येतो? पोरं रडली, मीही रडले. गुरुजींच्या पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन रामदास आमच्यासोबत फाट्यापर्यंत आला. एसटी लांबून दिसली तेव्हा पेटी खाली ठेवून म्हणाला, "गुरुजी, कुठं काय झालं की कागदावर नाव आमचंच येतंय. बापाच्या टायमापासून बघून राहिलो. या बारीला न्हाई आलं."

गुरुजींनी वाकून रस्त्यावरची एक पुडी उचलली. मला गप्प बसता आलं असतं. कुणी विचारलं नव्हतं. पण गुरुजींच्या शेजारी उभं राहून गप्प बसणं मला जमेना. मी म्हणाले, "रामदासभाऊ, आधी एक दुसरा कागद झाला होता. त्यात तुमच्याच घरावर ढकललं होतं. तो मी लिहिला होता."

एसटी येऊन थांबली, कंडक्टर घाई करायला लागला. रामदासने पेटी उचलून आत ठेवली, गुरुजींना हात देऊन चढवलं आणि माझ्याकडे वळला.

"उद्यापासून मोठी म्याडम तुमीच ना?" त्याने विचारलं. "मंग साक्षीच्या भावाचं नाव पहिलीत घालायला सकाळी येतो."