डॉक्टरांचं इंग्रजी

मालाडच्या एका हॉस्पिटलात आयसीयूबाहेर माझ्या शेजारी एक काकू बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. आत त्यांचे मिस्टर होते आणि माझे बाबा. डॉक्टर काही सांगून गेले, की काकू माझं मनगट घट्ट धरायच्या.

"काय म्हणाले? स्टेबल? मग घरी जाऊन आंघोळ करून ये. क्रिटिकल म्हणाले तर खाली चहालासुद्धा जायचं नाही."

एकदा मी वैतागले. "काकू, स्टेबल म्हणजे बरे नव्हेत. आहेत तसेच."

"माहितीये गं मला. पण इंग्रजीत बोलतायत ना, तोवर ठीक. आपल्या भाषेत बोलायला लागले, की समजायचं."

मला तो वेडेपणा वाटला. डॉक्टर इंग्रजीत दोन वाक्यं बोलून घाईघाईत निघून जायचे आणि काकू पुन्हा जपाला लागायच्या.

त्या दुपारी डॉक्टर बाहेर आले ते सरळ आमच्यासमोर थांबले. मास्क खाली केला. काकूंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"काकू," ते हळू आवाजात म्हणाले, "जरा शांतपणे ऐका."

काकूंनी घाईने मान हलवली.

"नको. इंग्रजीतच सांगा ना, डॉक्टर."