नव्या माणसाला भेटताना आपा

कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला भेटायला गेल्या की आपा आधी हॉटेलच्या गल्ल्यापाशी जात आणि मालकाला सांगत, "माझ्याकडे अमुक नावाचे पाहुणे यायचेत. फोनवरची ओळख आहे, पहिल्यांदाच भेटतोय." आवाज मुद्दाम मोठा. पाहुणा आधीच येऊन बसलेला असेल तर त्यालाही ऐकू जावा इतका. मला फार संकोच वाटे.

आपा मूळच्या पूर्णगडच्या. नवरा आखातात नोकरीला, म्हणून धाकट्या बहिणीला, नसरीनला, घेऊन रत्नागिरीत राहत. त्या माशांचे मसाले करून मोबाइलवरून विकत. मी देवरूखहून लग्न होऊन इथे आलेली. आमसुलं आणि फणसपोळी विकायला नुकतीच लागले होते. बचत गटाच्या प्रदर्शनात आमची टेबलं शेजारी लागली, तेव्हापासूनची ओळख.

भेट दिवसाउजेडी आणि चार माणसांत, हे त्यांचं ठरलेलं. जाताना स्वतःच्या रिक्षाने जायचं, समोरच्याच्या गाडीत बसायचं नाही. आणि घरी सांगून निघायचं. "लपवून जायची गरज पडली गो, तर ती भेटच नको," असं त्या म्हणत. मी मान डोलवत असे. मनात मात्र येई, एवढं संशयाने वागलं तर धंदा व्हायचा कसा?

मग एक गिऱ्हाईक आलं. स्वतःला पुण्याचा घाऊक व्यापारी म्हणवणारा. दोन महिने रोज मेसेज, दुकानाचे फोटो, माझ्या मुलीच्या परीक्षेचीही चौकशी. सकाळी अकराला स्टँडजवळच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. सव्वाअकराला फोन करते, असं आपांनी सांगून ठेवलं होतं. मी पोचले तर त्याचा मेसेज: हॉटेलात गर्दी आहे, गाडी पाठवतोय, गोदाम बघून दहा मिनिटांत परत सोडतो. गाडी समोर उभीही राहिली. मी दाराला हात घातला आणि फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"गाडीत बसतेय. गोदाम बघायला."

"हे ठरलं होतं?"

"नाही."

"मग बसू नको. आत जा, चहा सांग. मी निघाले."

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, साहेब वाट बघतायत." साहेबांनाच इथे यायला सांगा, असं मी म्हटलं. गाडी निघून गेली. दुपारपर्यंत तो नंबर बंद झाला.

तो माणूस खरोखर वाईट होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. आपांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "नसेलही. पण खरं गिऱ्हाईक तुला भेटायला आत आलं असतं." रागावल्या नाहीत. मग त्यांनी नसरीनचं सांगितलं.

नसरीनच्या हातात फार सुरेख भरतकाम होतं. तिलाही एकाने असंच मोठ्या ऑर्डरसाठी लॉजवर बोलावलं होतं. "बाजारात जाऊन येते म्हणाली. कपडे बाजारात जायचे नव्हते, ते मला दिसलं. पण मी विचारलं नाही. संध्याकाळी आली ती एकाच पायात चप्पल घालून. काय झालं ते तिने आजवर सांगितलं नाही. सुई मात्र परत धरली नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोष तिचा नव्हता, त्या माणसाचा होता. पण कुठे गेलीय हे मला ठाऊक असतं, तर मी त्या दारापर्यंत तरी पोचले असते."

त्यानंतर आपांच्या मोठ्या आवाजाचा मला कधी संकोच वाटला नाही.

गेल्या वर्षी आपा गेल्या. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात भेटले, तेव्हा बोलण्याचं त्राण नव्हतं. नुसता माझा हात धरून होत्या.

दोन-तीन महिन्यांनी नसरीन माझ्या दारात उभी राहिली. पिशवीत भरतकाम केलेली ओढणी होती, नुकतीच पुरी केलेली. खाली बघत म्हणाली, "एका बाईंनी फोटो बघून चौकशी केलीय. भेटायचं म्हणतात. मला एकटीला जाववत नाही."

आम्ही दोघी हॉटेलात भेटायला गेलो. बाई साध्या, मध्यमवयीन होत्या. त्यांनी ओढणी उलटी करून मागचे टाके पाहिले. नसरीनने टेबलाची कडा घट्ट धरली होती. मग हळूहळू ती टाक्यांबद्दल बोलू लागली.

मध्येच माझ्याकडे बघून बाईंनी विचारलं, "या कोण?"

नसरीन म्हणाली, "माझी बहीण."