हलू नका

तिचं खरं नाव फुटबॉल क्लबातल्या एकाही खेळाडूला ठाऊक नव्हतं. सगळे तिला ‘हलू-नका’ म्हणायचे. एमआरआयच्या बोगद्यात माणूस सरकवला की काचेमागून माइकवर तिचं सुरू व्हायचं, “श्वास घ्या, पण हलू नका.” बाहेर आल्यावर जो तो तिच्या तोंडाकडे बघायचा. पण फोटोत काय दिसलं ते सांगणं डॉक्टरांचं काम. ती ताकास तूर लागू द्यायची नाही.

घरी मात्र तिचा सगळा जीव होता तो भिंगरीवर. भिंगरी म्हणजे तिचा धाकटा दीर, त्याच क्लबाचा पुढच्या फळीतला खेळाडू. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता आणि जेवायचासुद्धा उभ्याने. पहिल्या दिवसापासून तो तिला “वहिनी, तू” असंच म्हणायचा. नवरा म्हणायचा, “बायको आणली मी, आणि आई मिळाली याला!”

त्या वर्षी भिंगरीची जांघ दुखायला लागली. चेंडू मारताना कळ, नुसतं खोकलं तरी कळ. क्लबातल्या आणखी काही जणांची हीच रड होती, पण जागा जाईल म्हणून सगळे दात आवळून खेळत होते. इकडे डॉक्टरांच्या डोक्यात अभ्यास आला. अशा खेळाडूंचे फोटो काढायचे, हाडातली सूज किती पांढरी दिसते ते बघायचं आणि कोण कधी मैदानात परतेल याचा अंदाज आधीच बांधता येतो का ते ताडून पाहायचं. खेळाडू काही तयार होईनात. मग डॉक्टरांनी तिलाच गळ घातली.

“तुमचं ऐकतील ते. सांगा, हे फक्त अभ्यासापुरतं आहे. क्लबाला यातलं अक्षर कळणार नाही.”

तिने तेच भिंगरीला सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, तू सांगतेस म्हणून हं!” त्याच्या पाठोपाठ बाकीचेही आले. बोगद्यात हात सरळ अंगालगत ठेवून तो जन्मात पहिल्यांदा गप्प पडून राहिला. माइकवर ती म्हणाली, “हलू नकोस रे.” पडद्यावर जांघेजवळच्या हाडात पांढरा डाग चांगलाच पसरलेला होता.

हंगामाच्या तोंडावर क्लबाने त्याला नारळ दिला. मॅनेजर म्हणाला, “डॉक्टर सांगतायत, यंदा तू काही उभा राहत नाहीस. तुझ्या त्या पांढऱ्या डागासाठी आम्ही किती थांबायचं?”

ती तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“अहो, खेळाडू क्लबाचे. त्यांनी विचारलं, मी सांगितलं,” डॉक्टर म्हणाले. “आणि तो नुसता अंदाज होता.”

“पण मी पोरांना शब्द दिला होता!”

“तुम्ही दिला होतात,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचा फोटो उघडला.

इतकी वर्षं ज्यांच्या भरवशावर ती काचेमागे बसली, त्यांनीच केसाने गळा कापला होता. पण घरी हे कोणाला पटवणार? भिंगरी बॅग भरत होता. ती शपथा घेत राहिली. त्याने मान वर केली नाही.

“तुम्ही जेवून घ्या, वहिनी.”

तुम्ही. तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

पुढे अंदाज साफ चुकला. हंगाम अर्ध्यावर यायच्या आतच भिंगरी एका लहानशा संघाकडून खेळायला लागला. डॉक्टर भलतेच खूश. “चुकलेला अंदाजही कामाचा असतो! अभ्यासातल्या शेवटच्या फोटोला आणा त्याला.”

“नाही आणणार,” ती म्हणाली, आणि तिने एप्रन खुंटीला टांगला.

संध्याकाळी ती मैदानावर गेली. तिला त्याला घरी न्यायचं होतं, बाकी काही नको होतं. सामना संपल्यावर तारेच्या कुंपणापाशी उभी राहून तिने हाक मारली, “भिंगरी!” तो नेहमीसारखा गर्रकन वळला. तिला पाहिलं आणि जागीच थांबला. बाकीची पोरं हसत-खिदळत निघून गेली. हा तिथेच, हात सरळ अंगालगत.

“ये ना रे,” ती म्हणाली.

“काढा फोटो,” तो म्हणाला. “हलत नाही मी.”