मामांच्या शंका

माझ्या मामांनी आजवर कशावरही पहिल्या खेपेला विश्वास ठेवलेला नाही. त्यांच्या गावात, वडनेर भोलजीत, रोज उगवणाऱ्या सूर्याकडेही ते आधी डोळे बारीक करून बघतात आणि मगच त्याला वर येऊ देतात. नांदुऱ्याच्या स्टँडवर एसटीची पाटी स्वतः वाचली तरी ते कंडक्टरला विचारतात, मग त्याच्या नकळत ड्रायव्हरला, आणि दोघांची उत्तरं जुळली की "हे एकमेकाले सामील हायेत" म्हणून तिसराच प्रवासी गाठतात. डॉक्टरांची चिठ्ठी दोन वेगवेगळ्या मेडिकलमध्ये वाचून घेतात. जेवताना भाजी बोटानं उलटीपालटी करतात, तेव्हा मामी म्हणते, "लग्न झाल्यापासून ह्यायचं ध्यान भाजीवरच हाये, माह्यावर नाही!"

अशा माणसाला मी माझं काम सांगायला बसले, ही माझीच चूक. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरचं औषध घडवते. ते रक्तातून जाऊन गाठीत साठावं, तिथे गुपचूप पडून राहावं आणि वरून प्रकाश टाकला की जागं होऊन गाठ नष्ट करावी. गाठ खोल असेल तर प्रकाशाऐवजी सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरींनी जागं व्हावं. मामांनी सुपारी गालात सरकवली.

"गाठीचा पत्ता त्याले कोन देते वं?"

"औषधाला आम्ही एक शेपूट जोडतो, मामा. ते गाठीच्या पेशींना चिकटतं."

"अन् चांगल्या पेशीले चिकटलं तं?"

"फार कमी चिकटतं."

"कमी म्हंजे चिकटतेच!"

मी चिडले. पण पुण्याला परतल्यावर चांगल्या पेशी पुन्हा तपासल्या. मला वाटलं होतं त्याहून बरंच जास्त औषध तिथे बसलेलं निघालं. सहा महिन्यांची मेहनत टाकून देऊन आम्ही ते शेपूटच बदललं.

गेल्या वर्षी मामीच्या स्तनात गाठ निघाली. मामा न कळवता पुण्याला आले, रिपोर्टांची फाइल छातीशी धरून.

"तुहं ते औषध दे."

"मामा, ते अजून उंदरांवरच चाललंय. माणसाला देता येत नाही."

"उंदीर जगले नं?"

"काही जगले. पण चांगल्या पेशींना..."

"चिकटू दे. तू केलं नं? मले शंका नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेव्हाच मला नाही म्हणावं लागलं. ते बराच वेळ फाइलीची दोरी बांधत, सोडत बसले.

मामीचं ऑपरेशन अकोल्याला झालं. पुढचे उपचारही तिनं नेटानं घेतले. आता ती बरी आहे, केसही आलेत. मामा मात्र बदलले. फोनवर कामाचं सांगितलं की नुसतं "हाव" म्हणतात. परवा मी मुद्दामच थाप मारली, "मामा, नवं औषध एकाही चांगल्या पेशीला चिकटत नाही." आणि त्यांच्या शंकेची वाट बघत कान देऊन थांबले.

"तू म्हनतं तं असीनच, पोरी," मामा म्हणाले.