मामांचं आठवं फडकं

जगातले सगळे अपघात कुणीतरी कुठेतरी विसरलेल्या फडक्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात त्यांची हयात फिटर म्हणून गेली. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण कारखान्याचा नेम सुटला नाही. काम सुरू करण्याआधी किती पाने, किती फडकी ते मोजायचं, आकडा खडूने जमिनीवर लिहायचा आणि शेवटी तो जुळल्याशिवाय 'पास' म्हणायचं नाही. एकदा आमचा मिक्सर दुरुस्त करताना एक स्क्रू कमी भरला, तर दोन तास घरात कुणाला झाडू मारू दिला नाही. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच गाठलं, "साहेब, कापूस मोजून घेतलात ना?" डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत.

आमची लेक अंकलेश्वरला असते. तिचा सातवा सरत आला होता आणि आठवा लागायच्या आत तिला बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं. आमची छोटी गाडी मात्र वासणा रस्त्याच्या प्रत्येक सिग्नलला आचके देत होती आणि एसी लावला की धुळीचा वास यायचा. इंजिनचे प्लग आणि एसीचा फिल्टर बदलायला गॅरेजला टाकणार एवढ्यात मामांच्या कानावर गेलं. "पोटुशी पोर बसणार, आणि परक्याच्या हातचे प्लग? हूं बेठो छुं ने, मी आहे ना, जावईबापू!" त्याच संध्याकाळी मामींचा दबक्या आवाजात फोन. "हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही हो. परवा सयाजीगंजहून घरचा रस्ता विसरले, रिक्षावाल्याने आणून सोडलं. पण तुम्ही नाही म्हणू नका. एवढंच उरलंय त्यांना." मी मुळात गॅस बंद केला का हे बघायला तीनदा उठणारा माणूस. त्या रात्री चौथ्यांदाही उठलो.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मी जुना लेंगा फाडून सात फडकी मामांच्या हाती दिली. मामांनी ती एकेक करून मोजली, वाकले आणि चाकाजवळ खडूने ठसठशीत '८' लिहिला. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मामींचा आवाज कानात होता, मी पाना उचलून त्यांच्या हाती दिला.

डोकं विसरत असेल, हात मात्र काही विसरले नव्हते. जुने चारही प्लग त्यांनी काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. नवा प्लग रबरी नळीच्या टोकाला खोचून नुसत्या बोटांनी फिरवत आत बसवला. "जोर नाही करायचा. आटे चुकले तर इंजिन गेलं. प्लग स्वतः सांगतो, बसलो म्हणून." मग पुढच्या सीटसमोरच्या खणामागून एसीचा फिल्टर ओढून काढला. काळाकुट्ट, त्यात निंबाची पानं आणि कुणाचीतरी पिसं. "यातून श्वास घेत होता तुम्ही? वाह भाई वाह!"

सगळं बसलं, आणि मामांनी फडकी मोजली. सात.

वरून बायकोची हाक आली, "अहो, निघायचं ना? पोरगी तिकडे सकाळपासून पिशव्या भरून बसलीय!" मामा म्हणाले, "गाडी हलणार नाही. गरम इंजिनवर फडकं पेटलं तर?" त्यांनी टॉर्च घेऊन सगळं धुंडाळलं, फिल्टरचा खण पुन्हा उघडला. खडूचा आठ पुन्हा पुन्हा पाहिला. "माझ्याकडून असं कधी झालं नाही," ते म्हणाले, आणि मला ते ऐकवेना. मी सातच दिली होती याची मला नव्वद टक्के खात्री होती. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मीही तीनदा इंजिन तपासलं. मग सातांतलं एक फडकं गुपचूप उचललं, शेजारच्या स्कूटरच्या आड जाऊन मधोमध फाडलं, अर्धं परत ढिगात सरकवलं आणि अर्धं पुढे धरलं. "मामा, सापडलं! इथे उडालं होतं." मामांनी ते तळहातावर पसरून बराच वेळ पाहिलं. "पास," ते म्हणाले.

अंकलेश्वरपर्यंत मी जळका वास हुंगत होतो. बायकोने विचारलं, "सर्दी झाली का?" वाटेत दोनदा थांबून बॉनेट उघडलं. येताना लेक मागे गाढ झोपली होती. गाडीने एकदाही आचका दिला नाही, आणि माझा जीव तरीही घर येईपर्यंत टांगणीलाच होता.

संध्याकाळी पोचलो तर मामा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले. जेवायलाही गेले नव्हते, असं शेजारी म्हणाले. लेकीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. बाजूच्या दोरीवर धुतलेली फडकी वाळत होती, त्यातल्या एकाला मधोमध पांढऱ्या दोऱ्याची शिवण. जमिनीवरचा आठ पुसून तिथे वाकडातिकडा '७' लिहिला होता.

"मामा, ते..." मी म्हणालो.

"कंई वांधो नहीं, चालायचंच," त्यांनी खडू माझ्या हातावर ठेवला. "पुढच्या वेळी मोजायचं तुम्ही."

परवा नातवाचा पाळणा टांगला. कड्या मी मोठ्याने मोजल्या, मामा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, बाळ कुणाचं. मी सांगितलं. मग त्यांनी पाळण्याच्या चारही साखळ्या ओढून पाहिल्या. 'पास' मात्र तेच म्हणाले.