चित्रातला पोहणारा

जर्सी सिटीतल्या एका छोट्या म्युझियममध्ये मालिनीताई पाटकर अकरा वर्षं एकाच दालनात उभ्या आहेत. काम एवढंच, की कुणी चित्राला हात लावू नये. पण गप्प उभी राहील ती वेंगुर्ल्याची कसली! शाळेची मुलं आली रे आली, की मोडक्या इंग्रजीत ठरलेली गोष्ट सांगत ह्यांची गाडी सुटलीच.

चारशे वर्षांपूर्वीचा डच चित्रकार व्रूम. समुद्र नि जहाजं हाच त्याचा ध्यास. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ह्याचं जहाज फुटलं, लोकांना वाटलं चाचेच आले. पण ह्याची देवाधर्माची चित्रं लाटांबरोबर किनाऱ्याला लागली नि लोक म्हणाले, अरे, ही तर आपल्याच धर्माची माणसं! वाचला पठ्ठ्या.

मग ताई भिंतीवरच्या चित्राकडे वळत. ते व्रूमचं नव्हे, नंतरच्या कुणा चेल्याचं. फुटलेलं जहाज, आणि किनाऱ्यापासून बोटभर अंतरावर पोहणारा एक माणूस.

"पोचणार बघा हा," ताई ठासून सांगत.

त्यांचे वडील तांडेल. ताई एकोणीस वर्षांच्या असताना होडी घेऊन समुद्रात गेले ते गेलेच. ना होडी मिळाली, ना माणूस. आई आता त्र्याऐंशीची, अजून कुंकू लावते. फोनवर विचारते, "मालू, येतील ना गं?" ताई म्हणतात, "येतील." धाकटा भाऊ दिगंबर दर पितृपक्षात विनवतो, "ताई, बाबांचे दिवस घालूया. आई तुझंच ऐकेल." ह्यांचं एकच, "थांब रे!"

गेल्या उन्हाळ्यात चित्र साफ करायला नेलं. तीन महिने रिकाम्या भिंतीपुढे ताईंचा जीव नुसता कासावीस. परत आलं ते लख्ख होऊन. निळं पाणी, पांढरा फेस. आणि पोहणारा गायब!

चित्र साफ करणारी इला इथेच जन्मलेली. उत्साहानं सांगू लागली, "मावशी, तो माणूस ओरिजिनल नव्हताच! नंतर कुणीतरी वरून पेंट केलेला. मी काढला."

"मग तो गेला कुठे?"

इला हसली. "ही वॉज नेव्हर देअर, मावशी."

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी डबा उघडलाच नाही. दिगंबरला फोन लावला.

"दिगू, बाबांचे दिवस घालूया. मी येते. पण आईला तू काही बोलू नकोस हं. एक्केचाळीस वर्षं 'येतील, येतील' म्हणत आले ती मी. आता नाही येणार, हेही मीच सांगेन."