दुसरी चिप बंद होती

भुताखेतांवर माझा विश्वास कधीही नव्हता, आजही नाही. त्या दुपारी तेलगावच्या बांधावर माझा मृत भागीदार उभा होता, असे जीपवाला सांगतो. ते धादांत खोटे आहे. ‘काकांचे कान वाजले’ असे माझा पुतण्या सांगतो. तो तेथे नव्हताच. मी होतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो... वादाचाही आता कंटाळा आला आहे.

बाजार खुला झाल्यानंतरची ती वर्षे. परदेशी वायरलेस चिप भाजीच्या भावात मिळू लागल्या होत्या. केजच्या बसस्थानकामागे, पत्र्याच्या दुकानात, मी आणि माझा भागीदार ज्ञानोबा त्यांपासून विहिरीची मोटार दुरून चालू करणारे रिमोट बनवत असू. स्वस्त चिपची फ्रिक्वेन्सी भरवशाची नसते. म्हणून एक चिप आम्ही माप म्हणून राखली होती. नवी चिप तिच्याशेजारी चालू केली, की दोघींतल्या फरकाची शिट्टी रेडिओतून येई. फरक घटला की शिट्टी उतरे; पूर्ण जुळले की गप्प होई. त्या शिट्टीच्या अंदाजाने स्क्रू फिरवून आम्ही प्रत्येक विहिरीची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवत असू.

ज्ञानोबा दिवाळीत वारला. पुढच्या उन्हाळ्यात तेलगावचा मारुती आपला रिमोट न्यायला आला. मापाच्या चिपची बॅटरी मी काढून ठेवली होती. मारुतीला दाखवावे म्हणून त्याचा रिमोट दाबला, आणि रेडिओतून शिट्टी आली.

शिट्टीला दोन चिप लागतात. दुसरी बंद होती!

शिट्टी उतरली, गप्प झाली, किंचित चढली, पुन्हा गप्प. जुळलेल्या जागेच्या जरा पुढे जाऊन मागे येण्याची ही खोड ज्ञानोबाची. माझा हात स्क्रूवर नव्हता. अर्थ एकच — याच फ्रिक्वेन्सीवर आणखी कोणीतरी होते.

“हा रिमोट आज देता येणार नाही.”

“कावून? ऊस वाळायलाय काका! शिट्टी वाजली मनून न्हाई मनता?”

“मी तुझ्यासोबत येतो. आधी शेजारच्या विहिरी बघू. तोवर बटणाला हात लावू नकोस.”

“या की. ज्ञानोबाकाका असते तर आतापोतर पानी सुटलं असतं.”

तो टोमणा गिळून मी भाड्याची जीप केली.

मारुतीच्या बांधापलीकडे कोंडिबाची विहीर. कोंडिबा आत, ओट्यावर, बंद असलेली मोटार पंपाला जोडणाऱ्या कपलिंगमध्ये हात घालून बसला होता. वीज तोडलेली नव्हती.

“कोंडिबा, हात काढ! वर ये आधी!”

“कोन हाय बे? जरा दम धरा की!”

तो वर आल्यावर मी मारुतीचा रिमोट दाबला. कोंडिबाची मोटार घरघरत सुरू झाली. मारुतीने विहिरीत वाकून पाहिले.

“म्या बटन दाबलं असतं तर...”

आता जे कोणीच विचारत नाही ते सांगतो. कोंडिबाचा रिमोटही आमच्याच दुकानातला, ज्ञानोबाने जुळवलेला. मापाची चिप तो माठाखालच्या ओल्या वाळूवर, डबीत ठेवत असे. तापली की ती सरकते, असे त्याचे म्हणणे. मला ते थोतांड वाटे. त्याच्यामागे मी ती तापल्या पत्र्याखाली टेबलावर ठेवली, आणि सरकलेल्या मापाने मारुतीचा रिमोट शेजाऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन बसवला.

राहिली शिट्टी. कोंडिबाचा रिमोट तेव्हा त्याच्या घरी पेटीत होता; चालू असता तरी दोन शेतांपलीकडे पोहोचला नसता, केज तर दूरच. ‘बसस्थानकातल्या कुठल्यातरी यंत्राची असेल,’ असेही पुतण्या म्हणतो. मग मारुतीला दुसरा रिमोट देऊन महिनाभर, रोज त्याच वेळी, तोच रिमोट लावून मी रेडिओसमोर बसलो, तेव्हा ती एकदाही का आली नाही?

कोंडिबा आजही भेटला की भर रस्त्यात माझ्या पाया पडतो. मी त्याला थांबवत नाही.